दोन चमचे साखर

"खरं सांग हं, सुरुवात कशी वाटली?" रातिबाने विचारलं. "पणजोबा, नाईलचा पूर, बैल वाहून गेला ते... फार पाल्हाळ लावलंय का गं?"

इन्शिराहने ऐकलंच नाही. मांडीवरच्या, रातिबाच्या कादंबरीच्या हस्तलिखितात ती पार मध्यावर येऊन अडकली होती.

त्या पानावर एक विधवा होती. नवऱ्याच्या दुखवट्याला आलेल्या बायकांसाठी ती कॉफी करते. मयताच्या घरची कॉफी कडूच असते, हे कैरोतलं शेंबडं पोरही सांगेल. ही बाई मात्र कपाकपात दोन दोन चमचे साखर ढवळते आणि तबक घेऊन बाहेर येते. बायका पहिल्या घोटाशीच थबकतात. कुणी अवाक्षर काढत नाही. पण कपही कुणी खाली ठेवत नाही, तळ दिसेपर्यंत पितात सगळ्याजणी.

ती विधवा म्हणजे इन्शिराहची आई. आईने साखर ढवळली तेव्हा इन्शिराह तिथेच ओट्याशी उभी होती, आणि रातिबा कप विसळत होती. "दुःखाने भान नव्हतं हो तिला, हात चुकला," असं पुढे कितीतरी दिवस इन्शिराहच सगळ्यांना सांगत फिरली. हात चुकला नव्हता. ज्यांनी आईवर खेकसणारा तिच्या वडिलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकला होता, त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

खरी कादंबरी इथूनच सुरू होते, हे तिला ते पान वाचता वाचताच कळलं. स्वतः इन्शिराह बारा वर्षं एक कादंबरी लिहीत होती. म्हणजे सुरू करत होती. समुद्रापासून करून झाली, आजीच्या लग्नापासून करून झाली, एकदा तर चक्क उंटापासून केली. शाळेत पोरींना निबंधाची सुरुवात शिकवायची आणि घरी येऊन आपले कागद फाडायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ही रातिबा, जिने कालपर्यंत बाजाराच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, तिने इन्शिराहच्याच स्वयंपाकघरातून तो कळसा उचलून नेला होता. बरं, नेला तर नेला, त्याचं मोल तरी कळावं! ते पान पुराच्या आणि बैलाच्या मागे कुठेतरी टाकून दिलेलं.

सांगावं का हिला? सांगितलं की ही बया वर्षभरात लेखिका म्हणून मिरवणार.

"सुरुवात झकास आहे," इन्शिराह म्हणाली. "पूर राहू दे. बैल तर पाहिजेच. हे साखरेचं तेवढं काढून टाक. माझ्या आईचं आहे ते."

रातिबाचा चेहरा उतरला. "तू लिहिशील म्हणून किती वर्षं थांबले गं मी. दर ईदला विचारायचे तुला. तू म्हणायचीस, अजून सुरुवातच सापडत नाही."

"मग आता सापडली!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण साखरेचं ते पान तिने तोवर गठ्ठ्यातून ओढून पर्समध्ये कोंबलंही होतं. लाज वाटत होती, तरी पर्सवरचा हात काही उचलवेना.

"अस्सं," रातिबा हळूच म्हणाली. "म्हणजे सुरुवात ती होती होय."

ती उठली. आत गेली आणि कॉफी घेऊन आली. "घे बाई. तुझी आई, तुझी साखर. मी कोण नाही म्हणणारी? दोन चमचे घातलीय, तुला लागते तशी."

मग ती समोर बसली, आणि पर्स छातीशी धरून बसलेल्या मैत्रिणीकडे बघत राहिली. बघता बघता तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, आणि पुराचं पहिलं पान उलटं करून त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागली.

"काय लिहितेस?" इन्शिराहने विचारलं.

"सुरुवात," रातिबा मान वर न करता म्हणाली. "एक बाई मैत्रिणीकडे कॉफी प्यायला येते, आणि आपल्या आईची साखर परत मागते."

इन्शिराह घोटाशीच थबकली. अवाक्षर काढलं नाही तिने. पण कपही खाली ठेवला नाही.