लाल टाका

गोधडीवर लाल टाका होता, व्हिडिओत नव्हता.

जनकाबाईंनी आधी चष्मा पुसला, मग नातीच्या कॅमेऱ्याचा पडदाही पदरानं पुसला. गोधडीच्या मधोमध बसवलेला हिरव्या लुगड्याचा तुकडा त्यात नुसता मळकट दिसत होता.

"बीबीवरून कलाबाईचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "म्हणे, दुसरीच गोधडी दाखवून राह्यली मले. माहा टाका कुठी हाय?"

कलाबाई त्यांची धाकटी बहीण, बीबी गावी दिलेली. सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेली. तिला एवढंच पाहायचं होतं : धाडच्या बाजारात घेतलेलं, चौघी बहिणींनी पाळीपाळीनं नेसलेलं ते लुगडं, अन् ते फाटलं तेव्हा तिनं घातलेला टाका.

नात पायल लग्नांचं शूटिंग घ्यायची. तिनं कॅमेऱ्याच्या दोन-चार कळा दाबून पाहिल्या.

"हा चार-दोन-शून्यवाला हाय, आजी."

"म्हंजे?"

पायलनं वहीत ठिपक्यांच्या दोन ओळी काढल्या. वर चार, खाली चार. "उजेड आठही ठिपक्यांचा वेगवेगळा लिहिते. काटकसर रंगात करते. वरच्या चारीत मिळून रंग दोनच. खालच्या ओळीले तं सोताचा रंगच नाही. शून्य. ते वरचाच घेते. तुहा लाल अन् हिरवा सारखेच गडद, टाका बारीक. रंगच घोळला, मंग दिसंन काय?"

जनकाबाई त्या ठिपक्यांवर बोट फिरवत राहिल्या. मग गालात हसल्या.

"म्हंजे मोठीचं लहानीनं नेसायचं. हे तं आमच्या घरचंच हाय व."

"जवळून घेतला की दिसते टाका. थांब, पुन्हा घेऊ."

"काय नाव म्हणलं त्याचं?"

"चार-दोन-शून्य."

जनकाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी गोधडी ओढून घेतली, टाका वर येईल अशी घडी घातली, अन् खुंटीवरची थैली काढली.

"आता काऊन गुंडाळली व आजी? म्या कॅमेरा लावला ना."

"ठेव तो. चार होतो आमी. आता दोन हाओत." त्यांनी गोधडी थैलीत दाबून बसवली. "बीबीची गाडी कितीले हाय, ते पाय."