सहा बोटं दुमड

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सहा वर्षांच्या मुलीला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर आईने डोळे मिटून हात जोडले. शेजारी बसलेल्या बापाने, तो शिंपी होता, पिशवीतून मुलीचा शाळेचा अर्धवट शिवलेला फ्रॉक काढला.

“आज तरी देवापुढे हात जोडा,” ती म्हणाली.

“तुझे जोडलेत ना? माझ्या हातांना काम असू दे.”

तासाभराने तिने डोळे उघडले. तो फ्रॉकचा खालचा काठ आत दुमडून कच्चे टाके घालत होता.

“सहा बोटं दुमड? गिऱ्हाइकाला दोन बोटं देताना तुमचा जीव जातो.”

“दर वर्षी दोन बोटं उसवायची. तीन वर्षं तरी पुरायला हवा.”

ती बराच वेळ त्या काठाकडे बघत राहिली.

“मी देवाकडे एकच वर्ष मागितलं हो,” ती हळूच म्हणाली.

त्याने सुईवरची नजर काढली नाही. “मग परत माग.”

तिने पुन्हा डोळे मिटले. दुपारी एक वाजता फ्रॉक शिवून झाला होता. आत शस्त्रक्रिया चालूच होती.