कोपऱ्यातली फुली

निमकरसाहेबांनी डोळ्यांत बसवलेल्या पडद्यावर नवं ॲप उघडलं आणि ऑफिसात टाळ्या पडल्या. शाल्मलीने संगणकासाठी लिहिलेलं ॲप आता जसंच्या तसं डोळ्यांतही चालत होतं. पहिल्या खिडकीवरचं तिचं नाव खोडून साहेबांनी स्वतःचं घातलं होतं.

बंद करायला कोपऱ्यातल्या फुलीवर नजर न्यायची होती. पण नजर वळली की खिडकीही तिच्याबरोबर सरकायची. डोळे मिटले तरी ती समोरच.

शाल्मलीला ही चूक चाचणीतच दिसली होती. ती मुद्दाम मूग गिळून बसली होती.

"शाल्मली, काढ हे!" साहेब चाचपडत ओरडले.

"मी कोण काढणारी, सर?" ती गोड आवाजात म्हणाली. "खिडकीवर निर्माता म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांनाच सांगा की."