पंख धड आहे

वहिनी बाळाला घेऊन बायकांच्या खोलीत शिरली, तेव्हा धाकटा दीर पक्षी अभयारण्याच्या तिकीटखिडकीआड उभा होता.

"बाळाला पक्षी दाखवून आणते," असं ती घरी सांगून निघाली होती. चार महिन्यांच्या बाळाला! थोरल्याला ते पटलं नव्हतं. "तिला जायचं तर खुशाल जाऊ दे," तो भावाला म्हणाला होता. "बाळ मात्र घरी आण."

दहा मिनिटं झाली. एक चष्मेवाली बाई बाबागाडी ढकलत बाहेर आली. गाडीवर दुपटं ओढलेलं. फाटकाच्या उंबऱ्यात चाक अडकलं, तसं दिराने पुढे होऊन उचलून दिलं.

"हळू हं," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलंय."

मग वहिनी आली. छातीशी शालीचं गाठोडं, आणि पाय लंगडत होता. आत घसरली असावी. बरंच झालं, फार लांब जायची नाही.

पण ती गेली. फळ्यांच्या वाटेवरून, बगळ्यांच्या झाडीमागून, थेट खाडीच्या टोकाकडे. मध्येच थांबायची, मागे बघायची, पुन्हा खुरडत निघायची. टोकाला होडी असणार. होडीत कुणीतरी असणार. दिराने पाय उचलले.

वाटेत एक टिटवी पंख फरफटत वाळूवरून पळत होती. सहलीची पोरं तिच्यामागे लागली.

"तिच्या मागे जाऊ नका रे," वाटाड्या म्हणाला. "पंख धड आहे तिचा."

पुढचं ऐकायला दिराला सवड नव्हती.

टोकाला ना होडी, ना माणूस. नुसता चिखल आणि पाणी. वहिनी कठड्याला टेकून उभी होती.

"काय भावोजी, तुम्हाला कधीपासून पक्ष्यांचं वेड?"

"दादाने पाठवलंय. बाळ द्या, वहिनी."

"आत्ताच झोपलंय."

"द्या म्हणतो ना."

दूर फाटकाशी बसचा भोंगा वाजला. बस वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने गाठोडं त्याच्या हातांत ठेवलं. ते फारच हलकं होतं. शाल उलगडली. आत दुधाचा वास येणारी छोटी उशी होती.

"तुमच्या घरची आहे. घरी न्या," वहिनी म्हणाली आणि परतीच्या वाटेला लागली. भराभर, दोन्ही पाय धड टाकत.