भडक रंग

अपघातानंतर व्हीलचेअरवर आलेल्या आसावरीला यंदा हरणाच्या शिकारीला न्यायचंच, असा परीक्षितने हट्ट धरला होता. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या शिकारसामानाच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने तिच्या दुबळ्या खांद्याला बसल्या बसल्या ओढता येईल असं टोकं बाहेर वळलेलं हलकं रिकर्व्ह धनुष्य निवडून दिलं. तिने शिकाऱ्यांचं केशरी जाकीटही मांडीवर घेतलं, पण परीक्षितने ते परत हँगरला अडकवलं.

"हे नको गं. एवढा भडक रंग बघून हरणं पळतात."

तो धनुष्य गाडीत ठेवायला गेला, तसा दुकानदार वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, हरणांना केशरी रंग ओळखता येत नाही. तो बाकीच्या शिकाऱ्यांना दिसावा, चुकून गोळी लागू नये म्हणून असतो. तुमच्या मिस्टरांना माहितीये हे. स्वतःसाठी कालच असं एक जाकीट घेऊन गेलेत."

बाहेरून परीक्षितने हॉर्न वाजवला.


आसावरीने व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावले.