जोडीचा तारा

"औषधानं उपास मोडत नाही, बाबा. आजीसुद्धा गोळी घ्यायची."

"आजीचा उपास साबुदाण्याचा असायचा. हा निर्जळी आहे. कोरडी गोळी गिळू?"

सुदेश गॅलरीतून स्वयंपाकघरात गेला आणि तसाच परत गॅलरीत आला. आंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत तो सकाळपासून असाच फिरत होता.

नंदा गेल्यापासून दर महिन्याच्या तिथीला तो पाणीही घेत नसे. आता त्यात सोमवार आले होते. ठाण्याच्या डॉक्टरांनी काल संचिताला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं : तुमच्या वडिलांच्या गोळ्या अशाच चुकत राहिल्या तर किडनी जाईल. ती किडनी नंदाची होती. नवऱ्यासाठी तिनं स्वतःची दिलेली.

"ते राहू दे. तुझं काय चाललंय ते सांग," लेकीच्या लॅपटॉपमागे उभा राहत तो म्हणाला.

"उपग्रहावरच्या दुर्बिणीनं एका ताऱ्याचे एक्स-रे टिपलेत. त्याचा अभ्यास."

"एक्स-रेसाठी एवढ्या वर? आपल्या नाक्यावर काढतात की."

"ताऱ्यांचे खाली पोचत नाहीत. हवा अडवते." बोलत राहिलं तर तो बसेल, असं तिला वाटलं. "हा शर्मिष्ठा तारकासमूहातला. फार जोरात गरगरतो, आणि एक्स-रेही नको तितके. हा असा का, हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं. तर त्याला एक जोडीदार होता. त्याचं बरंचसं द्रव्य यानं ओढून घेतलं, म्हणून हा इतका फिरतो. जोडीदार विझला. साध्या दुर्बिणीतून दिसतही नाही. एक्स-रेमुळे कळलं, की अजून शेजारीच आहे."

"म्हणजे तिचं घेऊन हा जगला."

"तारे आहेत ते, बाबा."

"मग किरण कुठून येतात? ती तर विझली."

संचिताला खोटं सांगता आलं असतं.

"याचा वायू आता तिच्यावर पडतो," ती म्हणाली. "त्यातून."

"परत देतोय." सुदेशनं मान हलवली. "बघ. ताऱ्यालासुद्धा कळतं."

तो पुन्हा चालू लागला. आता जास्तच भराभर.

संचिता उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

"उपास कोणाचा आहे?"

"माझा. सरक."

"तुमचा ना? मग आईला कशाला तहानलेलं ठेवताय?" तिनं त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, टाक्यांच्या व्रणावर हात ठेवला. "तिचं जिवंत असं एवढंच राहिलंय. त्याला पाणी लागतं."

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. दोघं ते ऐकत उभे राहिले.

मग तिनं फ्रिज उघडून पेला भरला आणि गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं पेला घेतला, ओठांपर्यंत नेला आणि थांबला.

"जरा कोमट करून आण," तो म्हणाला. "गार पाणी तिला सोसत नाही."