मागची सीट

शेजारच्या अपेक्षाने सदाशिव पेठेत ग्रीक देवांवरच्या कविता वाचल्या. त्यांचा पाताळातला, मृतांचा देव हेडीस; नावाचा अर्थ म्हणे ‘न दिसणारा’. त्याने एकाला मेलेली बायको परत दिली. अट एवढीच, वर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. याने पाहिलं. ती कायमची गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“काका, कशी वाटली?”

“नवरा बिनडोक होता. एवढंही जमलं नाही?”

“अहो, प्रेम होतं त्याचं!”

“प्रेम कसलं? उतावळेपणा नुसता.”

बाहेर येऊन स्कूटर सुरू केली. सुशीला जाऊन वर्ष झालं, तरी तोंडातून निघालंच, “बसलीस का गं?”

मग वारज्यापर्यंत मी आरशातसुद्धा पाहिलं नाही.